अतिक्रमण कोणाचे?

जालना नगरपरिषदेची २०२३ साली महानगरपालिका झाली. शहर वाढू लागले की त्याच्या कडेच्या पडीक जमिनीला भाव येतो आणि जिच्याकडे आजवर कोणी ढुंकूनही पाहिले नाही अशा जमिनीवर राहणारा माणूस एकाएकी गुन्हेगार ठरतो. खेड्यांतील गायरानांवर राहणाऱ्यांची गतही याहून निराळी नाही. ६ ऑक्टोबर २०२२ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने राज्यातील गायरानांवरील अतिक्रमणे त्या वर्षाअखेर काढण्याचा आदेश दिला. तेव्हा दोन लाखांहून अधिक अतिक्रमणांचा आकडा पुढे आला होता.

गायरान गुरांसाठी राखावे, हे तत्त्व आम्हांस मान्य आहे. परंतु घरची शेती असूनही गायरानाचा लचका तोडणारा धनदांडगा आणि गावठाणात जागाच न मिळालेला गावकुसाबाहेरचा मजूर, या दोघांना एकाच शब्दाने संबोधणे हा न्याय नव्हे.

ही जमीन रात्रीच्या अंधारात बळकावलेली नाही. ६ डिसेंबर १९६४ पासून दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली रिपब्लिकन पक्षाने देशव्यापी सत्याग्रह केला, तेव्हा पडीक जमीन भूमिहीनांना द्यावी व झोपडपट्टीवासीयांची स्थिती सुधारावी, या मागण्या उघडपणे सरकारपुढे ठेवल्या होत्या. पुढे २८ नोव्हेंबर १९९१ च्या निर्णयाने खुद्द सरकारनेच १४ एप्रिल १९९० पर्यंत भूमिहीनांनी कसलेल्या अशा जमिनी नियमानुकूल करण्याचे मान्य केले. दिवस बाबासाहेबांच्या जयंतीचा निवडला. तेवढ्याने कोणाचे नाव सातबाऱ्यावर चढत नाही! मराठवाड्यातील कित्येक कुटुंबे आजही ती जमीन कसतात, तिच्याच कडेला राहतात, आणि त्यांच्या हाती पट्टा नाही.

खरी मेख येथेच आहे. गायराने मोकळी करण्यास सांगणाऱ्या २०११ च्या जगपाल सिंग निकालातच सर्वोच्च न्यायालयाने एक अपवाद ठेवला आहे: शासकीय अधिसूचनेनुसार भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जाती-जमातींना पट्टा दिला असेल, तर ताबा नियमित करता येईल. म्हणजे सरकारने पट्टा द्यावयाचा नाही आणि पट्टा नाही म्हणून घर पाडावयाचे! १३ नोव्हेंबर २०२४ च्या निकालाने घर पाडण्यापूर्वी पंधरा दिवसांची नोटीस सक्तीची केली खरी. परंतु रस्ता, पदपथ, रेल्वेमार्गालगतची जागा, नदीपात्र अशा सार्वजनिक जागी आणि जेथे न्यायालयाचाच पाडण्याचा आदेश असेल तेथे ते संरक्षण लागू नाही. गरिबाची वस्ती बहुधा अशाच जागी असते.

म्हणून घरपट्टीच्या पावत्या, जुने अर्ज व दंडाच्या पावत्याही जपून ठेवाव्यात. तो दंडच जुन्या ताब्याचा पुरावा होय. आणि जिल्हाधिकाऱ्यांकडे आमची मागणी एवढीच आहे, की १९९१ च्या निर्णयाखाली आलेल्या अर्जांची गाववार यादी, प्रत्येक अर्जावर काय निर्णय झाला यासह, आधी चावडीवर लावावी. नोटिसा त्यानंतर काढाव्यात.