पॅकेज नको, नेमकी तपासणी हवी

आपल्या मोहल्ल्यांतही आता 'फुल बॉडी चेकअप'ची पत्रकं वाटली जातात. व्हिटॅमिन डी, बी-१२, सगळं एकाच पॅकेजमध्ये. मला विचाराल, तर कशासाठी तपासतोय हे आधी ठरवायला हवं.

व्हिटॅमिन 'के'चंच घ्या. रक्त गोठवणारे काही घटक यकृत त्याच्या मदतीने बनवतं. त्याची कमतरता ओळखायला सहसा रक्त किती सेकंदांत गोठतं तेच पाहतात. ही पीटी-आयएनआर तपासणी. निरोगी माणसाचा आयएनआर साधारण १ असतो. वॉरफरिन ही गोळी 'के'चं काम रोखते. ती घेणाऱ्या बहुतेकांचा आयएनआर २ ते ३ ठेवतात. तो घसरला तर गुठळीचा धोका, फार वाढला तर रक्तस्रावाचा. मेथी-पालक अचानक वाढवला किंवा सोडला, एखादं अँटिबायोटिक सुरू केलं, तरी आकडा हलतो.

म्हणून दोस्तांनो, घरात अब्बा किंवा नानी ही गोळी घेत असतील, तर पॅकेजआधी डॉक्टरांनी दिलेली आयएनआरची तारीख पाळा. हिरड्यांतून रक्त येत असेल, विनाकारण काळे-निळे डाग पडत असतील, तर मेडिकलमधून व्हिटॅमिनच्या गोळ्या आणून दिवस घालवू नका. लगेच डॉक्टरांना दाखवा.