गिटारच्या क्लासमध्ये सोल्डरिंग हवंच

१९५४ मध्ये फेंडरची स्ट्रॅटोकास्टर बाजारात आली तेव्हा तिच्यावर तारांची कंपनं टिपणारे तीन पिकअप होते आणि स्विचलाही तीनच जागा. एका वेळी एकच पिकअप वाजावा, असा त्यामागचा हिशेब. वादकांनी मात्र स्विच दोन जागांच्या मधोमध अडकवून पाहिला. दोन पिकअप एकत्र बोलू लागले आणि खणखणीत, तरी किंचित पोकळ असा आवाज निघाला. पुढे अनेकांना तोच हवासा झाला. कंपनीने पाच जागांचा स्विच बसवला तो १९७७ मध्ये. वादकांच्या बोटांनी शोधलेली गोष्ट कारखान्यात पोचायला २३ वर्षं लागली.

पुण्या-मुंबईत आज गिटार शिकणाऱ्या मुलामुलींना कॉर्ड, स्केल, पेडल हे सगळं शिकायला मिळतं. पण व्हॉल्यूम आणि टोनच्या बटणांखाली काय चालतं, हे बहुधा कुणी सांगत नाही. मग मनासारखा आवाज निघेना की पालकांकडे मागणी होते: नवे पिकअप, नवं पेडल, नाहीतर नवीच गिटार. हे थांबायला हवं. तंबोऱ्याच्या घोडीवर जीवेचा दोरा सरकवून जवारी लावणं गाणाऱ्याला तालमीतच शिकायला मिळतं. इलेक्ट्रिक गिटारच्या तालमीतही वायरिंग तितक्याच हक्काने आलं पाहिजे.

स्ट्रॅटचंच उदाहरण घ्या. जुन्या पद्धतीच्या वायरिंगमध्ये ब्रिजजवळच्या पिकअपला टोनचं बटणच जोडलेलं नसतं. हा पिकअप आधीच सर्वांत तीक्ष्ण. तो कानाला टोचतो म्हणून लोक हजारो रुपये घालून बदलतात. तारा सैल करून पिकगार्डचे स्क्रू काढले की स्विचच्या मागे कड्यांच्या दोन ओळी दिसतात. एका ओळीत पिकअपच्या वायरी येतात, दुसऱ्या ओळीतून टोनच्या पॉटकडे, म्हणजे बटणाखालच्या बदलत्या रोधाकडे, जातात. टोनच्या ओळीतली ब्रिजच्या वाट्याची कडी रिकामी असते. तिथून शेजारच्या मधल्या पिकअपच्या कडीपर्यंत बोटाच्या पेराएवढी वायर सोल्डर केली, की खालचं टोनचं बटण ब्रिजलाही लागू होतं. तीक्ष्णपणा हवा तेवढाच ठेवता येतो. खर्च म्हणाल तर वायरच्या एका तुकड्याचा.

व्हॉल्यूम कमी केला की आवाज गढूळ होतो, ही दुसरी नेहमीची तक्रार. दोष पिकअपचा नसतो. बटण फिरवल्यावर पॉटचा रोध सिग्नलच्या वाटेत येतो आणि केबलच्या कपॅसिटन्सशी मिळून वरच्या पट्ट्यांतली चमक खातो. पॉटच्या दोन कड्यांमध्ये एक छोटा कपॅसिटर लावला तर ती चमक बरीचशी टिकते.

ही जाण असली की काय घडतं, ते ‘क्वीन’ बँडचे गिटारवादक ब्रायन मे यांनी दाखवलं. १९६३ मध्ये त्यांनी वडिलांच्या साथीने घरीच गिटार घडवायला घेतली. मानेसाठी जुन्या फायरप्लेसच्या चौकटीचं लाकूड वापरलं आणि तीन पिकअपपैकी प्रत्येकाला दोन स्विच दिले: एक चालू-बंद करायला, दुसरा फेज उलटा करायला. दोन पिकअपचे फेज एकमेकांविरुद्ध गेले की खर्जाचा बराच भाग कटतो आणि पातळ, अनुनासिक आवाज उरतो. हीच गिटार घेऊन ते ‘क्वीन’मध्ये आयुष्यभर वाजवत आले. आवाजाचा एवढा मोठा खजिना सहा साध्या सरकत्या स्विचमध्ये होता!

नवशिक्याच्या हातून गिटार बिघडेल, ही भीती खरी आहे. म्हणून क्लासमध्ये एक जुनी गिटार उघडून ठेवावी आणि मुलांना तिच्यावरच हात बसवू द्यावा. ड्राय सोल्डर कसा दिसतो, जास्त वेळ तापवलेला पॉट कसा खराब होतो, हे तिथेच कळेल. साध्या पॅसिव्ह गिटारमध्ये बॅटरीही नसते. केबल काढली की धोका उरतो तो तापलेल्या सोल्डरिंग आयर्नचा. अँप्लिफायर मात्र कुणी उघडू नये: व्हॉल्व्हच्या अँपमध्ये प्लग काढल्यावरही जीवघेणा विद्युतदाब साठून राहू शकतो.

सुटे भाग मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि पुण्यात बुधवार पेठेत शोधता येतात. सिंगल कॉइल पिकअपसाठी सहसा २५० किलोओमचा पॉट लागतो, हंबकरसाठी ५००चा. व्हॉल्यूमसाठी घेताना आकड्याआधीचं अक्षर बघावं. आता सहसा ‘ए’ म्हणजे लॉग आणि ‘बी’ म्हणजे लिनियर. लिनियर लावला तर बटण बरंच फिरवूनही आवाज फारसा उतरत नाही आणि शेवटच्या टप्प्यात एकदम कोसळतो.