डेन्मार्कची गेलेली सुट्टी

ईस्टरनंतरच्या चौथ्या शुक्रवारी येणारा ‘महाप्रार्थना दिन’ डेन्मार्क १६८६ पासून पाळत होता. आदल्या संध्याकाळी घरोघरी वेलदोड्याचे गरम पाव खाल्ले जात. संरक्षणखर्चासाठी पैसा हवा म्हणून मेट्टे फ्रेडरिक्सन सरकारने २०२३ मध्ये कायदा करून ही सुट्टी २०२४ पासून बंद केली. युक्रेन युद्धानंतरची निकड आम्हाला मान्य आहे. मार्ग मान्य नाही. कामाचे तास, वेतन, रजा हे सारे तिथे मालक आणि कामगार संघटना वाटाघाटीने ठरवतात, सरकार सहसा मध्ये पडत नाही. ती घडी बहुमताच्या बळावर मोडली. पैसा हवा होता, तर करवाढीचा प्रस्ताव उघडपणे मांडायचा होता. कोपनहेगनमध्ये हजारो कामगार रस्त्यावर उतरले, तरी कायदा झालाच. मासिक वेतनावरच्या कामगारांना मोबदला मिळाला तो वार्षिक पगाराच्या ०.४५ टक्के.