वाद्य हाती, मुद्रणही हाती

मुलगा गिटार मागू लागला की घरोघरी एकच प्रश्न निघतो, "याने पोट भरेल काय?" हा प्रश्न खोटा नाही. बल्लारपूरच्या कागद कारखान्यात, कोळशाच्या खाणीत किंवा वीज केंद्रात कंत्राटावर राबणाऱ्या बापाने तो विचारलाच पाहिजे. म्हणून या वेळी आम्ही एका कलावंताची वाटचाल वाचकांपुढे ठेवीत आहोत. त्याचे संगीत आपल्या वस्तीत फार कोणी ऐकत नसेल. पण त्याच्या कामाची रीत आपल्या मुलामुलींनी समजून घ्यावी अशी आहे.

या कलावंताचे नाव साहिल मखिजा. जन्म १९८२ चा, मुंबईचा. तो गिटार वाजवितो, गातो आणि ध्वनिमुद्रणही करतो. त्याचे संगीत 'हेवी मेटल' या प्रकारातले आहे. ढोलाचा अखंड मारा, विजेवर चालणाऱ्या गिटारीचा फाटलेला, जाड आवाज आणि घशातून काढलेली गर्जना, असे त्याचे रूप. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला तो गोंगाट वाटतो. पण या गोंगाटाचा जन्म कामगारवस्तीत झाला, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

इंग्लंडमधील बर्मिंगहॅम हे कारखान्यांचे शहर. तेथे टोनी आयोमी नावाचा सतरा वर्षांचा पोरगा पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. १९६५ साली यंत्रात सापडून त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके तुटली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबण्याचा हात नेमका तोच. कारखान्यातल्या मुकादमाने त्याला जँगो रेनहार्ट या वादकाची तबकडी ऐकविली. जँगोची दोन बोटे आगीत निकामी झालेली, तरी तो उत्तम गिटार वाजवीत असे. आयोमीने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोप्या बनविल्या व त्यावर कातडे चिकटविले. बोटांना सोसावे म्हणून त्याने बारीक तारा लावल्या आणि पुढे त्या सैलही केल्या. सैल तारेचा सूर खाली उतरतो, जड होतो. त्याच्या 'ब्लॅक सबाथ' या संचाची पहिली तबकडी १९७० साली निघाली आणि हाच जड सूर जगभर गेला.

तीस वर्षांनी तो मुंबईत साहिलच्या हाती आला. २००० साली त्याने 'डिमॉनिक रिझरेक्शन' हा संच उभा केला आणि त्याच वर्षी पहिला अल्बम काढला. तेव्हा त्याचे वय अवघे अठरा. अशा संगीताचे मुद्रण करण्याची सवय असलेले लोक आपल्या देशात त्या काळी फार थोडे होते. मोठ्या कंपन्यांचे सगळे लक्ष सिनेमाच्या गाण्यांवर. मग साहिल स्वतःच ते काम शिकला. त्याने आपला स्टुडिओ थाटला आणि 'डिमनस्टीलर रेकॉर्ड्स' ही स्वतःची कंपनी काढून तीमधून इतर भारतीय संचांचेही अल्बम प्रसिद्ध केले.

येथे 'निर्माता' या शब्दाचा अर्थ नीट ध्यानात घ्यावा. सिनेमात निर्माता म्हणजे पैसा घालणारा. ध्वनिमुद्रणात तसे नाही. ढोल वेगळा, गिटार वेगळी, आवाज वेगळा असे एकेक मुद्रित करावयाचे, चुकलेला भाग पुन्हा घ्यावयाचा, कोणाचा आवाज पुढे आणि कोणाचा मागे ते ठरवावयाचे, आणि सर्व मिळून एक गाणे बांधावयाचे. ही जबाबदारी ज्याची तो निर्माता. पूर्वी यासाठी मोठ्या शहरातला महागडा स्टुडिओ लागे. आता एक संगणक, ध्वनी संगणकात उतरविणारी छोटी पेटी, एक चांगला मायक्रोफोन आणि कानाला लावायचे हेडफोन एवढ्यावर आरंभ करता येतो. २०१६ च्या साहिलच्या स्वतंत्र अल्बममध्ये ढोल वाजविला आहे तो ग्रीसच्या जॉर्ज कोलियासने.

पुढे २०१० साली साहिलच्या संचाचा 'द रिटर्न टू डार्कनेस' हा अल्बम इंग्लंडच्या कँडललाइट कंपनीने काढला. त्याच वर्षी 'मेटल हॅमर' या इंग्रजी मासिकाचा पुरस्कार मिळाला. जर्मनीच्या वाकेन महोत्सवातही हा संच वाजला. तरीही केवळ गिटारीवर विसंबून न राहता साहिलने 'हेडबँगर्स किचन' हा स्वयंपाकाचा कार्यक्रम इंटरनेटवर चालविला आणि त्यात मोठे नाव कमाविले. घरी पोट भरण्याचा प्रश्न विचारणाऱ्या बापाला याहून प्रामाणिक उत्तर देता येणार नाही. कला करावी, पण तिच्या जोडीला दुसरे कौशल्य हवे.

एका गोष्टीबाबत मात्र आम्हाला स्पष्ट बोलले पाहिजे. २०१७ साली या संचाने 'दशावतार' हा अल्बम काढला. विष्णूच्या दहा अवतारांवर दहा गाणी, आणि त्यात नववे बुद्धांवर. ही समजूत जुनी आहे, साहिलने ती निर्माण केलेली नाही. पण १९५६ साली बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांतली पाचवी प्रतिज्ञा नेमकी हीच समजूत नाकारते. मग यावर उपाय कोणता? निषेधाचे पत्रक काढून गाणे पुसले जात नाही. ज्याच्या हाती मुद्रणाचे यंत्र, त्याची कथा जगाच्या कानी जाते. आपली कथा जावी असे वाटत असेल तर यंत्रावर आपला हात बसला पाहिजे.

आपल्याकडे कलावंतांची वाण कधीच नव्हती. भीमगीतांच्या कॅसेटींनी एक काळ गाजविला. १६ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी चांद्याला दीक्षा दिली, त्या स्मृतीत दरवर्षी भरणाऱ्या सोहळ्यातही गाण्यांची दुकाने लागत आली. वडसा-देसाईगंजच्या झाडीपट्टी रंगभूमीवर दिवाळीपासून पुढे रात्ररात्र नाटके चालतात, ऑर्गन आणि तबला वाजविणारे गावोगाव फिरतात. पण मुद्रणाची, वितरणाची व हिशेबाची सूत्रे आपल्या कितीजणांच्या हाती आहेत? एकरकमी पैसे घेऊन कागदावर सही केली आणि पुढे गाणे किती विकले याचा पत्ताच नाही, ही कहाणी आम्ही कलावंतांच्या तोंडून अनेकदा ऐकली आहे.

कायदा याबाबत आपल्या बाजूचा आहे, तो माहीत हवा. स्वामित्वहक्क कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली. गीतकार आणि संगीतकार यांचा स्वामित्वधनातला समान वाटा आता त्यांच्याकडून करारानेही लिहून घेता येत नाही. तो वारसांकडे किंवा हक्क वसूल करणाऱ्या नोंदणीकृत संस्थेकडेच जाऊ शकतो. लेखकाच्या मृत्यूनंतरही हा हक्क साठ वर्षे टिकतो, म्हणजे नातवंडांनाही त्याचा आधार होतो.

तेव्हा पालकांना आमची विनंती आहे. मुलगा वा मुलगी वाद्य मागत असेल तर एकदम नाही म्हणू नका. शाळा सोडू नये ही अट मात्र घाला. जमल्यास एका वस्तीतल्या चार घरांनी मिळून एक संगणक आणि एक मायक्रोफोन घ्यावा. विहारातल्या एका खोलीत दार-खिडकीला जाड गोधड्या लावल्या की आवाज घुमत नाही. पहिले मुद्रण आजीच्या ओवीचे किंवा गावातल्या जुन्या गायकाचे करावे. म्हातारी माणसे थांबत नाहीत, त्यांच्याबरोबर गाणीही जातात. आणि कोणत्याही कागदावर सही करण्यापूर्वी तो कागद घरातल्या शिकलेल्या माणसाकडून मोठ्याने वाचून घ्यावा.