नदीला हद्द कळत नाही

औंधहून सांगवीला जाणारा पूल आठवा. खाली मुळा. अलीकडचा काठ पुणे महापालिकेचा, पलीकडचा पिंपरी-चिंचवडचा. पाणी मात्र एकच, आणि त्याचा वास कसा येतो ते सांगायला नको. पुढे दापोडीपाशी पवना येऊन मिळते, संगमावर मुठा, आणि हे सगळं भीमेतून उजनीत. तिथलं पाणी सोलापूर पितं!

आता ठरलेलं भांडण. पुणेकर म्हणणार, घाण वरून येते. पिंपरीकर म्हणणार, आधी तुमची मुठा बघा. दोघांचंही खरं आहे, पण त्याने नदीला काडीचा फरक पडत नाही.

यावर आपल्याकडे दोनच औषधं. पहिलं, हद्द वाढवा. पुण्याने २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं घेतली. त्यातली फुरसुंगी आणि उरुळी देवाची २०२४ मध्ये बाहेर काढून वेगळी नगरपरिषद करावी लागली. दुसरं औषध, वर आणखी एक साहेब बसवा. २०१५ मध्ये पीएमआरडीए आलं. म्हणजे दोन महापालिका, तीन कॅन्टोन्मेंट, एमआयडीसी, ग्रामपंचायती आणि शिवाय हे. दोन टीमचं जुळत नाही म्हणून तिसरा मॅनेजर नेमला की काय होतं, हे आयटीवाल्यांना मी काय सांगू?

जमलंय ते बसमध्ये. २००७ मध्ये पीएमटी आणि पीसीएमटी मिळून पीएमपीएमएल झाली. बस वेळेवर येत नाही, मान्य. पण निगडीहून स्वारगेटला जाताना हद्द कुठे संपली ते कळतही नाही. कारण तूट कोणी किती भरायची ते ठरलेलं आहे: पुणे ६० टक्के, पिंपरी-चिंचवड ४०. यात प्रेमबीम काही नाही, सरळ हिशेब आहे.

मग नदीचाही असाच हिशेब मांडा ना! कुठल्या नाल्यातून कोणाचं किती मैलापाणी येतं ते दोघांनी मिळून मोजा, शुद्धीकरणाचा खर्च त्या प्रमाणात वाटून घ्या, आणि आकडे दर महिन्याला लोकांसमोर ठेवा. बसायला जागाही आहे. १९९२ च्या ७४व्या घटनादुरुस्तीत महानगर नियोजन समिती सांगितली आहे. तिचे किमान दोन तृतीयांश सदस्य नगरसेवकांनी आणि सरपंचांनी आपल्यातूनच निवडायचे असतात.

तेव्हा नगरसेवक भेटला की गल्लीतल्या पेव्हर ब्लॉकचं नंतर विचारा. आधी विचारा, पलीकडच्या काठावरच्यांशी शेवटचं कधी बोललात?