‘टू’ची तार

१९६४ च्या दिवाळीआधी आमच्या एका स्नेह्यांना गावाहून, म्हणजे बुलढाणा जिल्ह्यातल्या जानेफळहून, तार आली : ‘मदर टू वीक’. बिचारे मुंबईहून मिळेल त्या गाडीने शेगावला उतरले, खामगावला एस. टी. धरून घरी पोचले. पाहतात तो मातोश्री चकल्या पाडीत बसलेल्या!

झाले होते असे : तापातून उठलेल्या मातोश्रींनी ‘लय अशक्त झाली म्हणून कळव’ एवढेच सांगितले. शेजारच्या मॅट्रिकच्या मुलाने त्याचे इंग्रजी केले. पण ‘लय’ म्हणजे ‘व्हेरी’, ‘टू’ नव्हे! ‘व्हेरी हॉट’ चहा फुंकून पिता येतो. ‘टू हॉट’ चहा तोंडाला लावता येत नाही. ‘टू’ आला की काहीतरी अडले म्हणून समजावे. मराठीत हाच भेद ‘फार’ आणि ‘अति’ यांत आहे. ‘अति तेथे माती’ म्हणतात. ‘फार तेथे माती’ कोणी म्हणत नाही.

स्नेह्यांनी हे सारे मातोश्रींना समजावले. त्या म्हणाल्या, ‘‘पोराचं चुकलं ते बरंच झालं. बरोबर लिवलं असतं, तं तू आला असता का रे?’’