गाडीला थोडे झुकू द्या

कला शाखेच्या विद्यार्थ्याने मोटारीच्या सळईवर लेख लिहावा, हे काहींना विचित्र वाटेल. पण आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच, आणि घर चालते ते वडिलांच्या पान्यावर. कोल्हापूरच्या उद्यमनगरात एका गॅरेजमध्ये ते फिटर आहेत. तास सुटले की दुपारी मीही तिथेच असतो. तेव्हा जे थोडेफार खरोखर कळते त्यावरच लिहिलेले बरे.

आमच्याकडे हल्ली एक वेड घेऊन तरुण येतात. गाडी बरी चालत असते. पण तिची स्पोर्ट्स कार करायची असते. त्यासाठी कंपनीची स्टॅबिलायझर सळई काढून बाहेरून मागवलेली जाड सळई बसवायची, आणि चॅसीला आधाराच्या पट्ट्या ठोकायच्या. या वेडाला माझा सरसकट विरोध नाही. ज्या समजुतीपोटी ते केले जाते, तिला आहे.

ही सळई म्हणजे डाव्या-उजव्या चाकांना जोडणारी, यू आकाराची पोलादी कांब. वळणावर गाडी बाहेरच्या अंगाला कलते तेव्हा ही सळई पिळली जाते आणि कलण्याला विरोध करते. दोन्ही चाके एकदम गतिरोधकावर चढली तर ती नुसती फिरते, काही करीत नाही. एकच चाक खड्ड्यात गेले तर मात्र त्याचा हिसका दुसऱ्या चाकालाही देते. आपल्या रस्त्यांवर यातला कोणता प्रसंग जास्त येतो, हे वाचकांना सांगायला नको.

आता जाडीचे गणित पाहा. सळईचा ताठपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. १९ मिलिमीटरच्या जागी तशीच भरीव २२ मिलिमीटरची घातली, तर डोळ्यांना फरक तीन मिलिमीटरचा दिसतो. ताठपणा जवळजवळ ८० टक्क्यांनी वाढतो. म्हणूनच गाडी पहिल्याच वळणावर वेगळी वाटते, आणि तिथेच माणूस फसतो. गाडी कमी कलली म्हणजे रस्त्याला जास्त चिकटली, असे त्याला वाटते.

वळणावर आतल्या चाकांवरचे वजन बाहेरच्या चाकांवर जाते. किती जाते, हे गाडीचे वजन, गुरुत्वमध्याची उंची, चाकांतले अंतर आणि वळणाचा जोर यांवर ठरते. सळई जाड केली म्हणून ते फारसे कमी होत नाही. त्यातला किती वाटा पुढच्या जोडीने उचलायचा आणि किती मागच्या, एवढेच सळई ठरवते. पुढची जाड केली तर पुढची चाके आधी हार मानतात आणि गाडी वळायला नकार देते. मागची जाड केली तर शेपूट आधी सुटते. कमी कलल्यामुळे टायर रस्त्यावर जरा सपाट बसतो, हा फायदा मी नाकारत नाही. पण वडील एका वाक्यात सांगतात ते मला कुठल्याही आकृतीपेक्षा पटते : "टायर त्योच, रस्ता त्योच. सळई काय डांबर चिकट करतीय व्हय?"

पट्ट्यांविषयी थोडक्यात. बुटाच्या खोक्याचे झाकण काढा आणि खोके पिळून पाहा. उघड्या टपाच्या गाडीचे तेच होते. १९८९ साली आलेल्या माझदाच्या एमएक्स-५ या दोन आसनी गाडीला पुढच्या आवृत्त्यांत कंपनीनेच जादा आधार दिले, ते काही शोभेसाठी नव्हे. पण डोक्यावर पोलादी टप असलेल्या गाडीत, इंजिनावरून वाकवून नेलेली चकचकीत पट्टी बॉनेट उघडल्यावर छान दिसते, यापलीकडे तिचे काम बेताचेच.

आता जे सांगण्यासाठी लिहायला बसलो ते. गेल्या जूनमध्ये माझ्याच वयाचा एक मुलगा जुनी जपानी सेडान घेऊन आला. इंजिन पुढे, ओढणारी चाकेही पुढचीच. त्याला फक्त मागची सळई जाड हवी होती. किंमत माझ्या वर्षाच्या फीपेक्षा जास्त. वडिलांनी मागचा कोपरा दाबून सोडला. गाडी तीनदा हिंदकळली. "आधी शॉकअप आन् मागचं टायर बघा," ते म्हणाले. मुलगा हसला. "काका, हे बाहेरचं आहे, तुम्हाला नाही कळायचं." वडील गप्प झाले. शिकलेल्या माणसापुढे ते नेहमीच गप्प होतात. मला त्याचा राग येतो.

सळईच्या टोकांना दोन-दोन भोके होती. टोकाच्या भोकात लिंक जोडली तर तरफ लांब, सळई मऊ. आतल्या भोकात जोडली तर ताठ. खोक्यात इंग्रजीत छापलेला कागद होता. सुरुवात मऊ भोकापासून करा, ओल्या रस्त्यावर ताठ भोक वापरू नका, झिजलेल्या टायरांवर सळई बसवूच नका, असे त्यावर स्वच्छ लिहिले होते. त्या गॅरेजात तो कागद वाचू शकणारा मी एकटाच. मी वाचला, घडी करून खोक्यात ठेवला, आणि गिऱ्हाइकाने सांगितले त्या आतल्या भोकात बोल्ट आवळला. वडिलांचे ऐकले नाही ना, मग भोग आता, असे काहीसे माझ्या मनात होते. हे लिहायला लाज वाटते.

आठवडाभर तो खूश होता. जुलैत गगनबावड्याच्या पुढे घाटात, पावसात, वळणावर घाबरून त्याने ॲक्सिलरेटरवरचा पाय एकदम काढला. वजन पुढे झुकले, मागची चाके हलकी झाली, शेपूट फिरले. कठड्याने गाडी अडवली. कोणाला लागले नाही. कठडा नसता तर, हा प्रश्न मी पुष्कळ रात्री सोडवून पाहिला आहे.

माझे म्हणणे असे की, ही सळई विकणाऱ्याने तिच्यासोबत मराठीत कागद द्यावा, आणि तोवर गॅरेजात ज्याला इंग्रजी येते त्याने काम सुरू होण्याआधी तो मोठ्याने वाचावा. गिऱ्हाइकाला राग आला तर येऊ दे. टायर आणि शॉकअप धड नसतील, तर काम परत पाठवावे. धंदा बुडेल, असे मालक म्हणतात. थोडा बुडेलही.

सप्टेंबरात तोच मुलगा पुन्हा आला. मागे नवी टायर घातली, शॉकअप बदलले, लिंक टोकाच्या भोकात घेतली, आणि गाडी चाकांवर उभी करून मगच शेवटचे बोल्ट आवळले. त्याआधी मी कागद काढला आणि एकेक ओळ मराठीत सांगितली. मुलगा मान खाली घालून ऐकत होता. वडील हात पुसत जवळ आले आणि म्हणाले, "त्या टायरच्या वळीत काय लिवलंय, त्ये परत वाच."